दारातला माणूस

‘आणि मग त्या जाळीतून ह्याचा आवाज आला,’ ती म्हणाली, आणि त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. विवाह नोंदणी कार्यालयाच्या त्या लांबट खोलीत बाकं भिंतीला लावलेली होती, डोक्यावर पंखा कुरकुरत होता, अधिकारी बाई मिटिंगमध्ये गुंतल्या होत्या आणि शिक्के मारणाऱ्या मावशींनी आपली नेहमीची मैफल मांडली होती. मावशींची ही पद्धत सगळ्या इमारतीत ठाऊक होती. बाईंना उशीर झाला की त्या शिक्क्यांचं पॅड बंद करायच्या, खुर्ची टेबलाच्या पुढे ओढायच्या आणि ताटकळलेल्या जोडप्यांना म्हणायच्या, ‘चला, कसं जमलं ते सांगा. खोटं सांगायचं नाही, खोट्यावर मी शिक्का मारत नाही.’ लोक आधी लाजायचे आणि मग असे सुटायचे की आवरायचे नाहीत. आत्ताच एक पन्नाशी उलटलेलं जोडपं बोलून झालं होतं. तो घड्याळजी, ती शिवणकाम करणारी. ती एकच घड्याळ पुन्हा पुन्हा दुरुस्तीला आणायची. ‘चांगलं चालणारं घड्याळ मी वर्षभर दुरुस्त केलं हो,’ घड्याळजी म्हणाला, तेव्हा अख्खी खोली हसली होती. होणाऱ्या बायकोशेजारी बसलेला तोही पोटभर हसला होता. मग मावशींनी ह्या दोघांकडे मोर्चा वळवला. ‘नवरदेव नकोत, ते नुसतेच दात काढतायत. तू सांग गं पोरी.’ आणि तिने नव्या साडीचा पदर मांडीवर घेतला आणि सांगायला सुरुवात केली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कंपनीत दोघांची जोडी असते, एक वर मशिनरूममध्ये, एक खाली दाराशी. हा कायम खाली असायचा म्हणून सगळे ह्याला खालचा म्हणायचे, आणि ह्याचा जोडीदार तो वरचा. ‘वरच्याची कृपा’ वगैरे विनोद इतके जुने झाले होते की त्यावर चहावाला सुद्धा हसत नसे. आज साक्षीदार म्हणून वरचाच आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो बाकाच्या टोकाला बसला होता, आणि ती ‘जाळीतून आवाज आला’ म्हणाली तेव्हा त्याने मान खाली घालून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. नाडी आधीच नीट बांधलेली होती.

ती रक्त काढायचं काम करायची, तपासणीच्या लॅबमध्ये. लॅब होती वरच्या मजल्यावर आणि त्या दिवशी ती लिफ्टमध्ये एकटीच अडकली होती, दोन मजल्यांच्या मधोमध. हे त्याला माहीत होतं. अहो, तो तिथेच तर होता. पण ती सांगत होती ते त्याला माहीत नव्हतं. दिवा गेला, ती सांगत होती, आणि मला वाटलं हवाच संपली. मी दारावर हात आपटले, बोंबलले, मग आवाजच फुटेना. आणि तेवढ्यात त्या बटणांच्या वरच्या जाळीतून खरखर झाली आणि हा म्हणाला, ‘बाई, आधी खाली बसा. उभं राहिलं की भीती डोक्यात चढते. बसलं की पायात उतरते.’ मी बसले मावशी, तिथेच, जमिनीवर. मग ह्याने विचारलं, काम काय करता? म्हटलं, रक्त काढते. तर म्हणाला, ‘मग तुम्ही लोकांना सांगत असाल ना, आता थोडंसं टोचेल? तसं मी तुम्हाला सांगतो, आता थोडंसं हलेल.’ आणि खरंच हललं! मी त्या अंधारात हसले हो. घामाने चिंब झालेली, हातपाय कापतायत, आणि हसतेय. मावशींनी टाळी वाजवली. समोरच्या बाकावरची कोवळी मुलगी आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, ‘बघ, शिक जरा.’ सगळ्यांनी कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं, ते पुसावं कसं हेच त्याला कळेना.

कारण तो काही बोलला नव्हता. एक अक्षर नाही. लिफ्टशी बोलायचा फोन मशिनरूममध्ये असतो, वर. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काही ऐकू येत नाही. त्या दिवशी ब्रेक जाम झाला होता, लिफ्ट हाताने चाक फिरवून पातळीवर आणावी लागणार होती, आणि ती येईपर्यंत हा खाली दाराशी किल्ली घेऊन उभा होता आणि मोबाइलवर सुपरवायझरच्या शिव्या खात होता. जेवणाची वेळ टळून गेली होती, म्हणून चिडलाही होता. शेवटी लिफ्ट पातळीच्या जरा खाली येऊन थांबली, ह्याने दार उघडलं, हात पुढे केला आणि म्हणाला, ‘या. पायाखाली बघून या, थोडी उंची आहे.’ तिने त्याचं मनगट धरलं ते सोडेना. ‘तुम्ही होतात म्हणून,’ ती म्हणाली. ‘तुम्ही होतात म्हणून मी राहिले.’ आणि हा काय म्हणाला? म्हणाला, ‘आमचं कामच आहे ते.’ आता आठवलं तरी कानशिलं तापत होती. म्हणजे माणसाने दुसऱ्याचं पाकीट उचलावं आणि वर म्हणावं, आमचं कामच आहे ते! पण त्याला कुठे ठाऊक होतं? त्याला वाटलं, दार उघडलं म्हणून म्हणतेय. इतकी माणसं त्याने बाहेर काढली होती, काही रडायची, काही भांडायची, एका म्हाताऱ्याने तर छत्री उगारली होती. कोणी मनगट धरून ठेवलं नव्हतं. त्याने ते आपलं म्हणून ठेवून घेतलं.

आणि वर्ष झालं की! वर्षभरात हे त्याच्या कानावर कसं आलं नाही? तो बाकावर बसून हेच शोधत होता, आणि उत्तर इतकं सोपं होतं की त्याला स्वतःचीच कीव आली. जो माणूस गोष्टीत असतो त्याला ती गोष्ट कोण सांगत बसेल? ती म्हणायची, ‘त्या दिवशी तू जसं सांभाळलंस ना,’ आणि हा मान डोलवायचा. ‘तेव्हा तू बोललास ते,’ ती म्हणायची, आणि त्याला वाटायचं, खाली आल्यावर पाणी दिलं, रिक्षात बसवलं, तेव्हाचं बोलणं. आपण काय बोललो ते त्याला फारसं आठवत नव्हतं, पण प्रेमात पडलेली बाई काहीही लक्षात ठेवते अशी त्याची समजूत होती, आणि समजूत सुखाची होती. आज परक्या माणसांना सांगायची वेळ आली म्हणून तिने सगळं सुरुवातीपासून सांगितलं. मावशींचं पॅड उघडं असतं, अधिकारी बाई वेळेवर आल्या असत्या, तर तो मरेपर्यंत त्या मनगटावर जगला असता.

‘मग मी विचारलं, तुम्हाला नाही का हो भीती वाटत?’ ती सांगत होती. तिचे डोळे कुठेतरी मावशींच्या डोक्यावरच्या भिंतीवर होते, चेहरा उजळला होता. हा चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता. म्हणजे होता, पण असा उघडा नव्हता. ‘तर हा गप्पच झाला. मला वाटलं फोन बंद पडला. मग म्हणाला, मी पण एकदा अडकलो होतो. तेव्हा माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मावशी, मी दिवसभर लोकांशी तसंच बोलते. इकडे बघा, सुईकडे नको, घरी कोण कोण असतं, झालं बघा, झालं. सगळ्यांशी बोलते. माझ्याशी कोणी तसं बोललेलं नव्हतं. लिफ्ट खाली यायला लागली तेव्हा खरं सांगते, मला वाटलं, अजून थोडा वेळ लागला तरी चालेल.’

अजून थोडा वेळ लागला तरी चालेल. वर्षभरात तिने त्याला असं काही म्हटलं होतं का? तो म्हणायचा, निघतो, उशीर झाला, तर ती म्हणायची, हो, नीट जा. त्याला एकेक आठवायला लागलं, आणि आठवणी रांगेने येईनात, एकमेकींना ढकलत आल्या. एकदा फोनवर ती म्हणाली होती, ‘तेव्हासारखं बोल ना.’ त्याला वाटलं ऐकू येत नाहीये, म्हणून तो मोठ्याने बोलायला लागला होता. तिच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा व्हरांड्यात त्याच्या शेजारी उभी राहून ती म्हणाली होती, ‘काहीतरी बोल रे.’ तो म्हणाला होता, ‘डॉक्टर आहेत ना, बघतील ते.’ तिने वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं, बराच वेळ, घरात ठेवलेली वस्तू जागेवर सापडू नये तसं. त्या वेळी त्याला वाटलं, आईची काळजी आहे. आज कळलं, ती काय शोधत होती. आणि तरी तिने पदरचं काही घालून, समजून घेऊन, ‘प्रत्यक्षात हा लाजतो’ असं मानून घेतलं असणार. आत्ताही तेच म्हणाली. ‘समोर असला की ह्याला बोलता येत नाही हो. आता बघा कसा बसलाय.’ पुन्हा सगळे हसले.

वरचा हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते, सशाच्या कानासारखे आतून लाल, आणि खालच्याला ते दिसत होते. इतकी वर्षं ह्या माणसाच्या हातात जीव देऊन त्याने काम केलं होतं. वरच्याने स्विच बंद केला असं म्हटलं की हा डोळे मिटून शाफ्टमध्ये उतरायचा. त्याचा डबा ह्याने खाल्ला होता, ह्याचा ताप त्याने काढला होता. वरचा मोठ्या बहिणीकडे राहायचा, लग्नाचं नाव काढलं की ‘बघू’ म्हणायचा. आणि ती भेटल्यापासून हा माणूस तिच्यासमोर तोंड उघडत नसे! घरी जेवायला बोलावलं तर ड्युटी असायची. नव्या घरी फ्रिज वर चढवायला आला होता तेव्हा ती म्हणाली, ‘भाऊजी, चहा घ्या,’ तर नुसती मान हलवून जिन्याने पळाला. ‘तुझा दोस्त भलताच आखडू आहे,’ ती म्हणाली होती आणि ह्याला गंमत वाटली होती. साक्षीदार हो म्हटलं तेव्हाही ‘दुसरा कोणीतरी बघ ना’ असं दोनदा म्हणाला. हाच मागे लागला. ‘तुझ्याशिवाय आहे कोण मला?’ असं म्हणून गळ्यात पडला होता. आवाज ओळखू येईल म्हणून तो बोलत नव्हता, आणि ह्याला वाटत होतं, बायकांसमोर बुजतो बिचारा.

राग यायला हवा होता, पण तो धरायचा कुठे? दुसरा कोणी असता, जुना प्रियकर, लॅबमधला कोणी चिकणा डॉक्टर, तर ह्याने त्याची गचांडी धरली असती आणि मोकळा झाला असता. इथे चोरी झाली होती ती ह्याच्याच हातून, आणि ज्याचं गेलं तो नाडी बांधत बसला होता. हेवा वाटावा तर कोणाचा? वरच्याचा, हो, त्याचा तर अंगाचा तिळपापड व्हावा इतका. पण त्याहून जास्त त्या माणसाचा, ज्याच्याबद्दल ती आत्ता सांगत होती. त्याला ह्याचं तोंड होतं, ह्याचं मनगट होतं आणि आवाज वरच्याचा. असा माणूस जगात नव्हताच, आणि ती आज त्याच्याशी लग्न करायला आली होती. तो उठला. ‘पाणी पिऊन येतो,’ म्हणाला आणि जाता जाता वरच्याच्या खांद्याला बोट लावलं.

बाहेर व्हरांड्यात पाण्याची टाकी होती, तिच्या तोटीला साखळीने बांधलेला पेला होता. ‘काय बोललास तू तिच्याशी?’ त्याने विचारलं.

‘कामाचं बोललो. ब्रेक अडकला होता.’

‘कामाचं! भीती पायात उतरते, हे कामाचं?’

वरच्याने पेला भरला, प्यायला नाही. ‘घाबरलेलं माणूस दार उचकटायला बघतं. बोलावं लागतं.’

‘मला सांगितलं का नाहीस?’

‘तू कधी विचारलंस?’ वरचा म्हणाला, आणि मग त्यालाच ते बरं वाटलं नसावं. ‘अरे, मी वरून खाली आलो तर ती तुझा हात धरून उभी. नंतर ऑफिसात आली, त्या दिवशीचे मिस्त्री कोण म्हणून विचारत, तर साहेबांनी तुला पुढे केलं. मी काय करायला हवं होतं? मध्ये जाऊन सांगू, बाई, हात ह्याचा, आवाज माझा? लोक हसले असते.’

‘तुला आवडते ती?’

हे विचारायचं नव्हतं. तोंडून निघून गेलं. वरच्याने पेल्यातलं पाणी टाकीखालच्या बादलीत ओतलं, पेला जागेवर ठेवला. ‘आज हे कशाला उकरतोस? नंबर लागेल आता. मुकाट्याने सही कर आणि संसार कर,’ तो म्हणाला. त्याने ‘नाही’ म्हटलं नव्हतं, ते खालच्याच्या छातीत रुतून बसलं. आणि वरचा आत निघून गेला. ह्याने नाही म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता, खालच्याला वाटलं. खोटं असतं तरी ठेवला असता, आनंदाने.

अधिकारी बाई आल्या होत्या. त्यांची खोली लहान होती, खिडकीत एक कुंडी होती. घड्याळजी आणि शिवणकामवाली आधीच हसत बाहेर पडले होते. ह्यांचा पुकारा झाला. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, तिच्या केसांना कुठल्यातरी साबणाचा वास येत होता, आणि वरचा मागे भिंतीशी उभा राहिला. बाईंनी चष्मा लावून विचारलं, दोघांच्या मर्जीने होतंय ना, कोणाचा दबाव नाही ना, काही लपवलेलं नाही ना. लोक ह्या प्रश्नांना चढत्या जिन्यासारखं हो, हो, हो म्हणतात. तिने म्हटलं. ह्याला म्हणता येईना. त्याला दिसत होतं, आत्ता हो म्हटलं की झालं, सगळं आपलं. घर आहे, फ्रिज वर चढलेला आहे, पडदे तिने निवडलेत. वरचा जन्मात बोलणार नाही. आणि मग रोज रात्री ती दिवा घालवून म्हणेल, तेव्हासारखं बोल ना, आणि अंधारात आपल्या दोघांच्या मध्ये तो येऊन बसेल. रोज. ह्या भीतीने म्हणा, सचोटीने म्हणू नका हवं तर, तो म्हणाला, ‘थांबा. तो मी नव्हतो.’

‘कोण?’ बाई म्हणाल्या.

‘लिफ्टमध्ये बोलणारा. मी दाराशी होतो. मी काहीच बोललो नव्हतो. वरून हा बोलत होता.’ त्याने मागे न बघता अंगठ्याने मागे दाखवलं. ‘मला आत्ता कळलं, बाहेर, तू सांगत होतीस तेव्हा. आईशप्पथ आत्ता कळलं.’

तिने मागे वळून वरच्याकडे पाहिलं नाही, हे त्याने ताडकन टिपलं, आणि का पाहिलं नाही ह्याची चौकशी त्याच्या मनात लगेच सुरू झाली. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. ‘हे तू उद्या सांगायचं होतंस,’ ती शेवटी म्हणाली.

‘उद्या?’

‘उद्या सांगितलं असतंस तर मी हसले असते. दोन दिवस चिडवलं असतं तुला. आज सांगितलंस. आता मला विचार करायला लागणार, शहाण्या.’ आवाजात राग नव्हता, आणि तोच असता तर बरं झालं असतं. ती बाईंना म्हणाली, ‘जरा वेळ मिळेल का?’ बाईंनी चष्मा काढला, त्या दोघांकडे आणि भिंतीशी उभ्या असलेल्या तिसऱ्याकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यात बरंच पाहिलं असावं, कारण त्या फक्त म्हणाल्या, ‘पुढच्या जोडीला घेते. तुम्ही बसा बाहेर.’

त्याला वाटलं होतं ती बाकावर बसेल, रडेल, आपण शेजारी बसू. ती खोलीतून थेट बाहेर व्हरांड्यात गेली, टाकीच्या पलीकडे खिडकी होती तिथे. हा बाकावर बसून राहिला. कोवळी मुलगी आपल्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन घाईघाईने आत गेली, चुकून ह्याचा अपशकुन आपल्याला लागेल की काय अशी. मावशींनी पॅड उघडलं, मिटलं, उघडलं. त्यांनी विचारलं, ‘काय झालं रे?’ तो म्हणाला, ‘तुमची मैफल.’ हे वाकडं बोलणं होतं, पण त्याला थांबवता आलं नाही. वरचा कुठे होता? आधी जिन्याजवळ होता, निघून जाणार होता बहुतेक. मग तिने त्याला हाक मारली. व्हरांड्याच्या काचेच्या दारातून दिसलं तेवढं दिसलं. तिचे ओठ हलले, वरचा थबकला, परत आला, तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. तिने काहीतरी विचारलं. एकच प्रश्न असावा, लहानसा. खालचा बाकावरून अर्धा उठला. त्याचं सगळं अंग डोळ्यांत आलं होतं. वरच्याने खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच, आणि मान हलवली. नाही.

नाही! खालचा परत बसला. त्याचा जीव भांड्यात पडला, त्याला हातपाय असल्याचं पुन्हा जाणवायला लागलं. काय विचारलं असेल ते उघडच होतं. दुसरं काय विचारणार? तुमच्या मनात काही आहे का, आणि तो नाही म्हणाला. भला माणूस. सोन्यासारखा माणूस. आणि तेवढ्यात त्याच्या मनात पाल चुकचुकली, तो हो म्हणाला असता तर? म्हणजे आता ती आत येईल ती त्याने नाही म्हटलं म्हणून येईल? दुकानात हवा तो रंग नाही म्हटल्यावर माणूस आहे तो घेतो, तशी? एवढा आनंद आणि एवढी आग एकाच छातीत मावते, हे त्याला आज कळत होतं. तो मनाला समजावत होता, मूर्खा, येतेय ना ती, मग. ती येतच होती. काचेचं दार ढकलून ती आत आली, त्याच्यासमोर उभी राहिली, तिचे डोळे कोरडे होते. ‘चल,’ ती म्हणाली. ‘आतले बाहेर आले की आपण.’

बाईंनी पुन्हा सगळं विचारलं. ह्या वेळी त्याने हो, हो, हो म्हटलं. तिने सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून. साक्षीदारालाही सही करावी लागली. वरचा टेबलावर वाकला तेव्हा तिघांची डोकी जवळ आली होती, आणि खालच्याने श्वास रोखला होता, तो कशासाठी हे त्यालाही सांगता आलं नसतं. मावशींनी शिक्का मारला. ‘सुखी राहा,’ त्या म्हणाल्या, आणि कोणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही. वरच्याने ह्याचा हात हातात घेऊन जोरात दाबला, तिला लांबूनच नमस्कार केला आणि जिन्याने खाली गेला. त्याच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

ती दोघं रस्त्यावर आली. ऊन होतं, समोरच्या दुकानाचं शटर वर चढत होतं, एक बाई पोराला ओढत नेत होती. तिने आपणहून त्याचा हात धरला. त्याला वाटलं, आता गप्प राहावं. शहाणा माणूस गप्प राहील. आयुष्यभर गप्प राहता येईल का हे तो मनात चाचपून बघत होता, आणि पहिला कोपरा यायच्या आतच त्याला ते जमेना.

‘काय विचारलंस त्याला?’

‘मारे हिरिरीने खरं बोललास ना आत? मग ऐक,’ ती म्हणाली. तिने हात सोडला नव्हता. ‘मी दिवसभर सगळ्यांशी तसं बोलते. ते माझं काम आहे, त्यात मनाचं काही नसतं. म्हणून मी त्यांना विचारलं, अडकलेल्या सगळ्यांशीच असं बोलता का तुम्ही?’

तो थांबला.

‘तर नाही म्हणाले,’ ती म्हणाली. ‘आता चल. मला भूक लागलीय.’